लेकीच्या हाताचं प्लास्टर आणि सोलापूरचा उन्हाळा

जुळे सोलापूरमधल्या एका ताईंचं पत्र आहे. थोडक्यात असं: मुलगी पाच वर्षांची, वजन १६ किलो. नळाला पाणी आलेल्या दिवशी ओल्या जिन्यावर भावाशी मस्ती करताना पडली. उजव्या हाताची, कोपर आणि मनगट यांच्यामधली दोन्ही हाडं मोडली. डॉक्टरांनी भूल देऊन हाड बसवलं आणि दंडापर्यंत पक्कं पांढरं प्लास्टर घातलं, पाच आठवड्यांसाठी. आज सहावा दिवस. "रात्रभर खाज येते म्हणून रडते. काल फूटपट्टी आत घालून खाजवताना सापडली. मी वरून घामोळ्याची पावडर टाकली, चाललं का? प्लास्टर सैल झाल्यासारखं वाटतं. डाव्या हाताने जेवू द्यावं का यावरून घरात वाद आहे. दोन वर्षांपूर्वी बंद झालेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू झालंय. सासूबाईंचं म्हणणं, प्लास्टर काढून गावाकडच्या हाडवैद्याकडे न्यावं. आणि नऊ वर्षांचा मोठा तिच्या जवळच जात नाही."

ताई, पावडरपासून सुरुवात करू. नाही चाललं. पण घाबरू नका, एकदा टाकल्याने काही बिघडत नाही, पुन्हा टाकू नका. पावडर घामात भिजते, तिचे खडे होतात आणि ते खडे कापसाच्या अस्तराखाली त्वचेला टोचत राहतात. आपण खाज घालवायला गेलो आणि आत वाळू पेरून आलो, असं होतं. तेल, बेबी लोशन, कोलन वॉटर, कडुनिंबाचं पाणी यांचंही तेच. हाड जुळायचं काम हाड करतं. घरच्यांचं काम एवढंच की प्लास्टरच्या आत काही जाऊ द्यायचं नाही.

फूटपट्टी, विणकामाची सुई, खराट्याची काडी, पेन हे सगळं तिच्या हाताला लागणार नाही असं ठेवा. आतली त्वचा घामाने ओलसर आणि नाजूक झालेली असते. तिथे ओरखडा उठला की तो दिसत नाही, धुता येत नाही आणि उन्हाळ्यात लवकर पिकतो. शिवाय पाच वर्षांचं मूल आत काय काय ढकलेल याचा नेम नाही: मणी, पेनाचं टोपण, शेंगदाणा, रुपयाचं नाणं. आत काही गेलंय अशी शंका आली तर स्वतः काढायला जाऊ नका, डॉक्टरांना सांगा. हवं तर ते प्लास्टरला खिडकी पाडून काढतात.

मग खाजेला करायचं काय? हेअर ड्रायर असेल तर फक्त थंड हवेवर लावा आणि दंडाच्या बाजूच्या तोंडातून पाच-दहा मिनिटं आत हवा सोडा. गरम हवेने आतल्या आत भाजतं, म्हणून बटण दोनदा बघा आणि आधी आपल्या गालावर हवा घेऊन पाहा. ड्रायर नसेल तर टेबल फॅन जवळ ठेवून प्लास्टरचं तोंड त्याच्याकडे करा. दुसरा उपाय बर्फाचा. बर्फाचे तुकडे न गळणाऱ्या पिशवीत, पिशवी कोरड्या नॅपकिनमध्ये, आणि ती पुरचुंडी प्लास्टरवर बाहेरून दहा-पंधरा मिनिटं. थंडावा हळूहळू आत पोचतो. तोवर प्लास्टरवर तळहाताने हलकेच थापट्या मारा. आणखी एक गंमत अशी की उजव्या हाताला जिथे खाजतंय, नेमकी तीच जागा डाव्या हातावर खाजवली तर बऱ्याच मुलांना आराम पडतो. एवढं करूनही झोप लागत नसेल तर खाज कमी करणारं औषध डॉक्टरांकडून लिहून घ्या, मेडिकलवाल्याला विचारून नको.

खाजेचं मूळ घामात आहे, त्यामुळे मूल गार राहणं हाच खरा उपाय. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत दुपारी बारा ते चार तिला घरातच ठेवा. कूलर असेल तर जपून. कूलरची हवा दमट असते आणि जाळीतून बारीक तुषार उडतात. पांढरं प्लास्टर म्हणजे जिप्सम, ते पाणी पितं. तिला कूलरच्या थेट तोंडाशी झोपवू नका, पाच-सहा फूट बाजूला झोपवा, आणि समोरची खिडकी उघडी ठेवा म्हणजे दमटपणा बाहेर जाईल. रात्री मान, पाय, पाठ ओल्या फडक्याने पुसून काढा. हात सोडून बाकीचं अंग गार झालं तरी घाम कमी येतो.

आता बोटांकडे या. खाजेने रात्र जागवली तरी धोका खाजेत नसतो. सूज सगळ्यात जास्त पहिल्या दोन-तीन दिवसांत असते आणि ते दिवस तुमचे गेले. तरी दिवसातून चार वेळा बोटं तपासायची सवय प्लास्टर निघेपर्यंत सोडू नका. उजव्या अंगठ्याचं नख दाबा, ते पांढरं पडेल. सोडा आणि मनात "एक, दोन" म्हणा. दोन म्हणेपर्यंत गुलाबी व्हायला हवं. मग डाव्या हाताला तसंच करून तुलना करा. लग्नसराई आहे, नखांवर मेंदी किंवा नेलपॉलिश लावू देऊ नका, रंगाखाली काही कळत नाही. त्या हातातली अंगठी निघत असेल तर आजच काढा.

यानंतर तिच्याशी "दगड, कागद, कात्री" खेळा. हा नुसता खेळ नाही. हाताला तीन मोठ्या नसा जातात. मूठ वळली तर एक शाबूत, पंजा सरळ झाला तर दुसरी, कात्रीसारखी बोटं फाकली तर तिसरी. शेवटी अंगठा आणि पहिलं बोट जुळवून गोल करायला सांगा, "लाडू किती मोठा?" म्हणून. चारही जमलं की आतल्या नसा ठीक. शिवाय बोटं हलली की सूज उतरते.

दुखणं कमी व्हायचं सोडून वाढत असेल, औषध दिल्यावरही मूल कळवळत असेल, तुम्ही तिची बोटं हळूच सरळ केली तरी किंचाळत असेल, बोटं थंड, पांढरी, निळसर किंवा बधिर झाली असतील, तर सकाळची वाट बघायची नाही. आत दाब वाढून स्नायूंचं रक्त थांबत असतं आणि प्लास्टर चिरून लगेच सैल करावं लागतं. रात्री दोन वाजले असले तरी तुमच्या डॉक्टरांना फोन करा. ते भेटले नाहीत तर सिव्हिलचा अपघात विभाग गाठा, गाडी नसेल तर १०८. जाताना हात छातीच्या पातळीला ठेवा. लहान मुलं "मुंग्या येतात" असं सांगत नाहीत. ती चिडतात, अस्वस्थ होतात, सारखं औषध मागतात. ओळखायचं त्यावरूनच.

आणखी एक लक्षण असं आहे की लोक त्यावर समाधान मानतात. प्लास्टरखाली एकाच जागी जळजळतं, मूल रोज तिथेच बोट दाखवतं आणि दोन दिवसांनी अचानक "आता नाही दुखत" म्हणतं. हे बरं झाल्याचंच असेल असं नाही. तिथली कातडी दाबाने मेलेली असू शकते. त्यापाठोपाठ कुजकट वास, ओला डाग किंवा ताप आला तर शंकाच नको, लगेच डॉक्टरांना दाखवा. घामाचा आंबूस वास सगळ्याच प्लास्टरला येतो, हा त्याहून वेगळा, नाक मुरडायला लावणारा असतो.

प्लास्टर सैल वाटतंय हे तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. सूज उतरली की कडक प्लास्टर आहे तसंच राहतं आणि हात आत लहान होतो. कडेने एक बोट सरकतं एवढं सैल चालतं. पण दोन बोटं सहज जात असतील, किंवा प्लास्टर हातावर खालीवर सरकत असेल, तर बसवलेलं हाड पुन्हा कलण्याची भीती असते, आणि त्याने दुखेलच असं नाही. म्हणूनच साधारण आठवड्याने पुन्हा एक्स-रे काढायला बोलावतात. "आता दुखत नाही, मग कशाला खर्च" म्हणून हीच फेरी सगळ्यात जास्त चुकवली जाते. सरकलेलं हाड या आठवड्यात दिसलं तर पुन्हा बसवणं सोपं असतं, महिन्याने दिसलं तर ते तिथेच जुळू लागलेलं असतं. तुम्ही उद्याच फोन करा. एक्स-रेमध्ये थोडा बाक दिसला आणि डॉक्टर म्हणाले "चालेल", तर त्यावर विश्वास ठेवा. या वयात हाड वाढता वाढता बराच बाक स्वतःच सरळ करतं. किती बाक चालेल हे मात्र त्यांनी ठरवायचं.

औषधाचं थोडक्यात. पॅरासिटामॉल दर किलोला १५ मिलिग्रॅम, म्हणजे १६ किलोला २४० मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान सहा तास, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. बाटलीवर बघा. ५ मिलीत १२० मिलिग्रॅम लिहिलं असेल तर १० मिली, २५० लिहिलं असेल तर पाच मिलीला किंचित कमी. दोन्ही बाटल्या दिसायला सारख्या असतात आणि घोटाळा इथेच होतो. घरातल्या चमच्याने नको, बाटलीबरोबरच्या मापाने द्या. ॲस्पिरिन लहान मुलांना नाही. सहाव्या दिवशी औषधाची गरज जवळजवळ संपलेली असायला हवी. पुन्हा वाढली तर वर सांगितलेलं आठवा.

अंघोळीचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण पाण्याने खराब झालेली प्लास्टरं बहुतेक मोरीतच होतात. दुधाची पिशवी दंडाला पुरत नाही. पाच किलो पिठाची किंवा तांदळाची मोठी पिशवी घ्या आणि आधी पाणी भरून गळत नाही ना बघा. प्लास्टरच्या वरच्या कडेला दंडाभोवती कोरडा नॅपकिन गुंडाळा, त्यावर एक पिशवी, तिच्यावर दुसरी, आणि तोंड कातडीला चिकटपट्टीने बंद. रबरबँड आवळू नका, रक्त अडतं. मुलीला पाटावर किंवा स्टुलावर बसवा, उजवा हात बाहेरच्या बाजूला पालथ्या बादलीवर टेकवा आणि डावीकडून कमरेखाली तांब्याने पाणी घाला. वरचं अंग ओल्या फडक्याने पुसा. खांद्यावर ओतलेलं पाणी ओघळत सरळ पिशवीच्या तोंडाशीच जातं. केस धुवायचे असतील तर तिला गादीवर आडवं झोपवून डोकं कडेला, खाली परात. झालं की पिशवी लगेच काढा, आत घाम साठतो. एवढं करूनही भिजलंच तर कोरडं फडकं, थंड हवा आणि डॉक्टरांना फोन. दाबल्यावर मऊ लागत असेल तर ते प्लास्टर बदलायलाच हवं. फायबरचं प्लास्टर बाहेरून पाण्याला दाद देत नाही, पण आतला कापूस नेहमीचाच असतो, म्हणून त्यालाही हेच नियम.

झोपताना हाताखाली सोलापुरी चादरीची जाड गुंडाळी द्या, उशीपेक्षा ती बरी, कारण ती दबत नाही. बोटं कोपराहून उंच आणि कोपर छातीहून थोडं उंच राहील असं बघा. गळ्यातली झोळी झोपताना काढा, ती मानेत अडकू शकते. दिवसा झोळी बांधताना गाठ मानेच्या मधोमध नको, खांद्याच्या बाजूला हवी, आणि पंजा झोळीत पूर्ण टेकलेला हवा. मनगटापासून लोंबकळला की बोटं सुजतात. जुनी सुती ओढणी उत्तम, नायलॉनची सरकते. आणि हो, काही दिवस भावाला तिच्या उजव्या बाजूला झोपवू नका. कुशीवर वळताना ते प्लास्टर नाकावर बसलं तर दुसरा पेशंट तयार.

कपड्यांचा नियम एकच. घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी. पुढून बटणं असलेले सैल शर्ट, किंवा जुन्या फ्रॉकची उजवी बाही शिवणीवर उसवून तिला दोन बंद लावा. चड्डी सैल इलॅस्टिकची, एका हाताने वर ओढता येईल अशी.

शी-शूबद्दल. देशी संडासात उकिडवं बसताना एवढ्या जड हाताने तोल जातो. पडायची भीती बसली की मुलं शी धरून ठेवतात, मग बद्धकोष्ठ, मग आणखी रडारड. तिथे कोणीतरी धरायला हवं किंवा भांड्यावर ठेवायची प्लास्टिकची खुर्ची आणावी. धुवायचं काम पाच आठवडे तुमचं. म्हणजे डावा हात जेवायला मोकळा. आणि त्याने जेवू द्यावं का? बेलाशक द्या. साबणाने धुतलेला हात, त्यात चमचा. आमटी-भात, दुधात कुस्करलेली भाकरी, चमच्यावर राहील असं काहीही. ताटलीखाली ओला नॅपकिन घाला, सरकणार नाही. सांडलं तर सांडू द्या. पाच वर्षांच्या मुलीला मोठ्यांनी भरवायला घेतलं की तिला वाटतं आपल्याला काहीच येत नाही. डाव्या हाताने जेवल्याने ती डावखुरी होत नाही, प्लास्टर निघालं की हात आपोआप बदलतो. हाडासाठी वेगळं काही नको. दोन कप दूध किंवा दही, नाचणी, डाळ, तीळ, जे ती आधी खात होती ते. कॅल्शियमच्या गोळ्या डॉक्टरांनी लिहिल्या असतील तरच.

अंथरूण ओलं होणं हा हट्ट नाही. धक्का बसला की या वयाची मुलं एक पायरी खाली उतरतात. अंगठा चोखणं, बोबडं बोलणं, आईला न सोडणं, सगळं त्यातलंच. गादीवर मेणकापड, झोपायच्या आधी शू, रात्री एकदा उठवणं, आणि कोणासमोरही उल्लेख नाही. बहुतेकदा काही आठवड्यांत जातं. लहान मुलांना कधी कधी वाटतं की प्लास्टरच्या आत हातच उरलेला नाही, किंवा हा पांढरा दगडच आता आपला हात. ती तसं बोलत नाही, नुसती त्या हाताकडे बघायचं टाळते. मेडिकलमधून प्लास्टरच्या पट्टीचा एक लहान रोल आणा. कोमट पाण्यात बुडवून, पिळून तिच्याच हाताने बाहुलीच्या हातावर गुंडाळू द्या. पट्टी हातात गरम होते, मग कडक होते. संध्याकाळी कापून बाहुलीचा हात बाहेर काढा. शंभर वेळा "काही होत नाही गं" म्हणण्यापेक्षा हे एकदा केलेलं बरं. दिवस मोजायला चिंचोके: डॉक्टरांनी दिलेल्या तारखेपर्यंत जितके दिवस तितके बरणीत, रोज सकाळी एक बाहेर. आणि कोणीही तिला "गप बस, नाहीतर डॉक्टर सुई टोचतील" म्हणायचं नाही. त्याच डॉक्टरांकडे तिला अजून जायचंय.

मोठा तिच्याजवळ जात नाही, कारण त्याला वाटतं हात त्याने मोडला. त्याला एकटं घेऊन एकदाच सांगा की तुम्ही दोघं खेळत होतात, जिना ओला होता, आणि जिना कोरडा ठेवायचं काम मोठ्यांचं होतं. मग दगड-कागद-कात्रीचा खेळ त्याच्याकडे सोपवा, दिवसाचे चार डाव, वहीत नोंद. एवढंच. तिचा नोकर करू नका.

सासूबाईंना दुखवू नका, पण प्लास्टर काढू देऊ नका. सहाव्या दिवशी ते हाड कशानेही जुळलेलं नाही, सोडलं की सरकणार. त्यावर बांबूच्या पट्ट्या घट्ट आवळल्या तर बोटांचं रक्त थांबतं आणि पंजा कायमचा वाकडा होऊ शकतो. फोल्कमान नावाच्या जर्मन सर्जनने अशा आवळलेल्या हाताचं वर्णन १८८१ सालीच केलं आणि त्या वाकड्या पंजाला आजही त्याचंच नाव आहे. सासूबाईंना पुढच्या एक्स-रेला सोबत न्या, दोन्ही फोटो शेजारी ठेवून डॉक्टरांकडूनच ऐकू द्या. मालीश करायचीच असेल तर पाठीला आणि पायांना करू द्या. पोरीला ती हवीच असेल.

प्लास्टर काढायची करवत फिरत नाही, थरथरते. कडक गोष्ट कापते, मऊ कातडी तिच्याबरोबर हलते म्हणून कापत नाही. आवाज मात्र मिक्सरसारखा, आणि एकाच जागी दाबून धरली तर पातं तापतं. तिला आधी सांगा, "आवाज मोठा येईल, गुदगुल्या होतील, गरम वाटलं तर थांबा म्हण." कानात कापूस द्या. आतून निघालेला हात बारीक, कोंडा धरलेला, लव वाढलेला आणि वास येणारा असेल. तुमचा चेहरा बघून ती घाबरेल किंवा नाही घाबरणार. घरी कोमट साबणाच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवा, कोंडा घासू नका, नंतर थोडं खोबरेल. कोपर आखडलेलं असणारच. ते ओढून, दाबून, चोळून सरळ करायचं नाही. जोर लावला तर ते आणखी आखडू शकतं. बादलीतलं पाणी लहान तांब्याने दुसरीकडे ओतायला द्या, कणीक मळायला द्या, तेवढ्याने हात सुटतो. हाताच्या याच भागातलं हाड पहिल्या काही महिन्यांत पुन्हा मोडतं, म्हणून सायकल, झोपाळा, गच्चीवरून उड्या डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद. पुढच्या वेळी पाणी येईल तेव्हा जिन्याच्या वरच्या पायरीवर जुनं पोतं अंथरायला विसरू नका.